अठ्ठावीस इंचांवरचा पंजा

ओळ दुसरी

"पहिली सोडून दुसरीपासनं?" राजमतीनं विचारलं.

"व्हय आक्का. पैली शेवटाला." नाथाजी गवंडी सोप्यात उकिडवा बसून टाइल्स कोरड्याच मांडून बघत होता. "न्हाणीची जमीन मोरीकडं उतरती. तिच्यावरनं ओळ धरली तर वरपतूर समदं तिरकं. दुसरीला सरळ पट्टी ठोकायची, वर चढत जायचं. खालची मग उताराबरूबर कापून बसवायची."

राजमतीला पटलं. चाळीस वर्षं तिनं सांगलीत नवऱ्याच्या दुकानात हळद निवडली होती. काम जाणणारा माणूस तिला दोन वाक्यांत ओळखू यायचा.

तर ही गोष्टही तशीच, दुसऱ्या ओळीपासून.

ओळ तिसरी

गुडघे गेल्यापासून आठ महिने राजमती दार उघडं ठेवून आंघोळ करत होती. खाली बसलं तर उठता येईना. सून प्रीती त्यासाठीच साताऱ्याहून येऊन राहिली होती. ती उंबऱ्यात पाठमोरी उभी राहायची, हाक आली की वळायची. चांगली पोरगी. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. पण जैन बस्तीत दर्शनाला जायच्या आधीची आंघोळ, आणि दार सताड उघडं!

राजमतीला पुन्हा आतून कडी लावायची होती. एवढंच. त्यासाठी उभ्यानं आंघोळ, त्यासाठी शॉवर, आणि तोल गेला तर धरायला भिंतीत स्टीलची दांडी. धर्माप्रमाणे आंघोळीलाही गाळलेलंच पाणी लागायचं, तो प्रश्न तिनं आधीच सोडवला होता. गच्चीवरच्या टाकीत पडणाऱ्या नळाला दुपदरी फडकं बांधून.

टाइल्स मुलानं, आर्जवनं, पाठवल्या होत्या. साताऱ्याला त्यानं घर बांधलं, त्यातल्या उरलेल्या, एस.टी.च्या टपावरून आलेल्या. तसल्या आता बाजारात नव्हत्या. भिंतीपुरत्या होत्या, वर फक्त दोन.

ओळ चौथी

"फुलांच्या पाच हाईत," नाथाजी म्हणाला. "दारातनं बगितलं की बरोबर नजरंसमोर येतील. दांडी मागनं ठोकू कुठंबी. आर्जवदादा फोनवर म्हनालं, छातीएवढी."

"कुठंबी? आणि टाइल तडकली तर?"

नाथाजीनं मान खाजवली. मधोमध भोक पाडलं की टाइल तडकते, हे सकाळी त्यानंच सांगितलं होतं. सांध्यावर घेतलं तर नुसते कोपरे कुरतडले की भागतं.

"म्हणजे आधी दांडी, मग टाइल," राजमती म्हणाली. "प्रीती, वाटीत हळद कालवून आण गं."

"वास्तुशांत आजच का आक्का?"

"गप रं. बघ नुसतं."

ओळ पाचवी

ती भिंत धरत उघड्या गिलाव्याच्या न्हाणीत गेली. तळवा हळदीत बुडवला. डोळ्यांत साबण गेल्यासारखे डोळे मिटले, वळली आणि गुडघा मुद्दाम सैल सोडला.

"आई!" प्रीती धावली. पण त्याआधी हात भिंतीला टेकला होता.

पिवळा पंजा.

पुन्हा.

पुन्हा.

तिन्ही पंजे एकावर एक उमटलेले, आणि छातीपासून केवढे तरी खाली. नाथाजीनं टेप लावली. अठ्ठावीस इंच.

"एवढं खाली? तितं काय असतंय धरायला?"

राजमती हळदीनं भरलेल्या हाताकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं.

"बादली! जन्मभर बसून आंघोळ केली न्हवं? तोल गेला की ह्यो बादलीचा काठ शोधतोय."

ओळ सहावी ते दहावी

आठ. सोळा. चोवीस. बत्तीस. नाथाजीनं कोळशानं भिंतीवर आकडे मांडले. टाइल आठ इंची. अठ्ठावीस म्हणजे नेमकं टाइलीच्या पोटात.

"समदी मांडणी चार इंच खाली घ्यावी लागंल," तो कुरकुरला. "पैली ओळ अर्धीच उरल. फुलं घसरतील. लोक म्हनतील, नाथाजीला माप कळंना."

"लोक माझी आंघोळ बघायला येणार हाईत व्हय?"

प्रीती फिसकन हसली. नाथाजीनं वर न बघता पट्टी उचलली आणि चार इंच खाली ठोकली.

बत्तीसचा सांधा खाली सरकून बरोबर पंजावर आला.

ओळ पहिली

अर्धी. उताराबरोबर कापलेली. सगळ्यांत शेवटी बसली.

सिमेंट धरेपर्यंत चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी राजमती धुतलेलं लुगडं घेऊन निघाली, तर प्रीती सवयीनं उंबऱ्यात उभी.

"सरक."

"आई, आजच्या दिवस तरी दार..."

"सरक म्हणते. दूध ठेवलंयस, ते बघ जा."

आठ महिन्यांत कडी घट्ट झाली होती. राजमतीनं मुठीनं दोन ठोसे दिले. तिसऱ्याला बसली.

पाणी डोक्यावर पडलं. साबण डोळ्यांत गेला. ती वळली आणि गुडघा खरोखरच गेला. हात खाली धावला, बादली शोधत. बादली नव्हती. दांडी होती. बांगड्या स्टीलवर खणकन आपटल्या. ती तशीच वाकून राहिली, मग दांडी धरून हळूहळू सरळ झाली.

"आई? काय झालं?" दारामागून आवाज.

"तू अजून तिथंच? दूध उतू जाईल!"

पावलं स्वयंपाकघराकडे गेली. ती पार लांब गेल्यावर राजमतीनं शॉवरची चावी आणखी थोडी सोडली.