निरंक

"हिरवं म्हणजे चांगलं ना हो?" नर्सबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लॅपटॉपकडे पाहिलं.

"उत्तमच!" मुख्य कार्यालयातून आलेले साहेब खुशीत म्हणाले. "ही नवी वेबसाइट. कुठल्या वस्तीत किती तान्ही मुलं दगावतात, ते रंगावरून कळतं. कुणीही घरबसल्या बघावं, चार जणांना पाठवावं. तुमच्या नाल्याकाठी पाच वर्षांत एकही नाही! म्हणून हे आरोग्य केंद्र आता दुसरीकडे हलवायचं म्हणतायत."

नर्सबाईंच्या मनात पाल चुकचुकली. वस्तीत धड नळ नाही, आणि टेकडीवरच्या बंगल्यांपेक्षा आपण हिरवे? कुठंतरी पाणी मुरत होतं. केंद्र हलवायचं आधीच ठरलं असणार आणि रंग मागाहून फासला असणार. साहेबांचं गोड बोलणं तर त्यांना मुळीच आवडलं नाही.

"हे आकडे कुणी दिले तुम्हाला?"

"तुम्हीच की!" साहेबांनी बटण दाबलं. पडद्यावर नर्सबाईंचंच गोल अक्षर आलं. बालमृत्यू : निरंक. महिन्यामागून महिने, निरंक.

त्यांना आठवलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका मेलेल्या बाळाचा फॉर्म परत आला होता, नावाचा रकाना रिकामा म्हणून. तीन दिवसांच्या जिवाला नाव कुठून आणायचं? तेव्हाचे हेडक्लार्क म्हणाले होते, "बाई, नाव नाही तर नोंद नाही. निरंक लिहा नि मोकळ्या व्हा." आणि त्या मोकळ्या झाल्या होत्या.

त्यांनी कपाटातून बाळंतपणांची वही काढली. "पाच वर्षांत सतरा. दुरुस्त करा."

"अहो बाई, खोटी माहिती दिली म्हणून ठपका येईल. निवृत्ती तोंडावर आलीय तुमची."

"येऊ द्या. केंद्र गेलं तर या बायका जायच्या कुठं?"

साहेबांनी दुरुस्तीचा फॉर्म उघडला. तिथंही तोच नावाचा रकाना, आणि तो भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकेना.

नर्सबाईंनी वही चाळली. "ही कुरळ्या केसांची होती. कुरळी लिहा. याच्या गालावर तीळ होता. तिळू."

साहेब एकेक नाव लिहीत गेले. सतरावीपाशी बाई अडल्या. चेहराच आठवेना. त्यांना रडू आवरेना.

"हिला माझं नाव द्या," त्या म्हणाल्या.

"काय नाव तुमचं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि सांगितलं.