नसलेलं रॉकेल

गेल्या पावसात आमची ही चिऱ्याच्या पायरीवरून घसरली आणि डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटली. चालणं, बोलणं, मला ओरडणं, सगळं महिन्याभरात जाग्यावर आलं. गेला तो फक्त वास. फक्त म्हणतोय खरा, पण दमयंतीची रत्नागिरीत खानावळ आहे. आमटी करपली, तिला कळलं नाही. एकदा तर नासकी सुरमई गिऱ्हाइकाच्या ताटात गेली. त्या दिवशी ती चुलीपुढे बसून रडली.

डॉक्टर मनस्वी म्हणाल्या, "नाकातून मेंदूकडे जाणारे वासाचे बारीक तंतू तुटलेत. पण नाकातल्या ह्या पेशी म्हातारपणीसुद्धा नव्या जन्मतात. मेंदूच्या आत मोठेपणी जन्मतात की नाही, यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण चाललंय. नव्या पेशींना मेंदूची वाट सापडेलच, असं काही मी सांगत नाही. पण रोज वास घेत राहा."

मग रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, आमसूल, सुका जवळा. "हुंगून हुंगून कुत्रा झाले मी," म्हणायची. शिमगा गेला तरी नाक ठप्पच. शेवटी तिनं केटरिंगवाल्या विनोदला सांगून टाकलं, खानावळ बंद करतेय, रविवारी येऊन भांडी विकत घेऊन जा. मी चिडलो, पण चिडून नाक येतं थोडंच?

शनिवारी माझी बहीण चिमा मिरच्या घेऊन हजर. तिचं म्हणणं, वयनीला चालत्या खानावळीची दृष्ट लागली. तिचा नियम असा, की निखाऱ्यावर मिरच्या टाकून ठसका उठला नाही तर दृष्ट जबर. मीठ, मोहरी, मिरच्या आणि दमयंतीचे थोडे केस ओवाळून तिनं शेगडीत टाकले. आम्ही तिघंही खोकून बेजार. मिरची घशाला झोंबते, त्याला नाक लागत नाही. चिमाचं तोंड उतरलं.

"ठसका आला गो वयनी. म्हणजे दृष्ट नव्हतीच. आता मी काढू काय?"

दमयंती मात्र इकडेतिकडे बघत होती. "रॉकेल कुणी सांडलं?"

आमच्या घरात रॉकेल येऊन जमाना झाला. चिमानं माझं कोपर धरलं. "दादा, हिचं डोकं फिरलं रे." मीही घाबरलो आणि डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं. त्या चक्क हसल्या.

"केस जळल्याचा वास तिला रॉकेलसारखा आला असेल. चुकीचा का होईना, आला ना? नव्या पेशी पोचल्या की आधी भलतीच दारं ठोठावतात. किती सुधारेल ते आज नाही सांगता येणार, पण ही सुरुवात चांगली आहे."

दमयंतीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मिरची झोंबली काय?" मी विचारलं.

"नाही वो. रडतेय."

उठून तिनं जवळ्याचा डबा उघडला, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा नाक आत घातलं. "शी. ह्यालापण रॉकेल."

"अगो, मग गिऱ्हाइकांना काय वाढणार?"

"माझं नाक ताळ्यावर येईपर्यंत वास तुम्ही घ्यायचा, चवही तुम्ही बघायची. एवढी वर्षं माझ्या कालवणाला नावं ठेवलीत, आता कामाला लागा. आणि विनोदला सांगा, भांडी मिळणार नाहीत."

विनोद फोनवर भडकला. भडकू दे.