पाव फेरा जास्त

"झालं का, काका?" मी विचारलं.

"झालं मॅडम. बघा दाबून."

मी ट्रॅकपॅडवर बोट ठेवलं. टक् असा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. पडद्यावरची फाईल मात्र बाणाला चिकटली आणि बोट नेईन तिकडे फरफटत यायला लागली. आधी क्लिक होत नव्हतं, आता सुटत नव्हतं. मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

कारण या काकांना घ्यायचं नाही, हे मी सकाळीच ठरवून टाकलं होतं. आमच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या केंद्रात जागा एक, उमेदवार चार. तिघं पंचविशीच्या आतले. हे चौथे अठ्ठावन्न वर्षांचे. तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशिनी दुरुस्त करत होते. कारखाना बंद पडून अकरा महिने झालेले. त्यातले सहा महिने वर्गात बसून हे काम शिकले म्हणे. अर्जात अनुभवाच्या रकान्यात ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'चारशे मशिनी'. आता याला काय म्हणायचं?

परीक्षा साधी होती. माझ्याच लॅपटॉपमधला, ट्रॅकपॅडखालचा बारीक स्क्रू मी मुद्दाम सैल करून ठेवला होता. तो बेतानं आवळला की क्लिक परत येतं. त्या तिघांनी "पॅडच बदलावं लागेल" म्हणून हात झटकले होते. काकांनी निदान स्क्रू तरी शोधला होता.

"माझीच चूक," ते म्हणाले. "शिलाई मशीन दिवसभर थरथरते. स्क्रू बसला तरी वर पाव फेरा जास्त द्यायचा, नाहीतर संध्याकाळपर्यंत ढिला. इथे काही थरथरत नाही, पण ते या हाताला कोण सांगणार?"

"अति तिथे माती, काका." मी जरा तिखटच बोलले.

"खरंय."

त्यांनी सबब सांगितली नाही की विनवणी केली नाही. झाकण पुन्हा उघडलं, बॅटरीची वायर सोडवली आणि लॅपटॉप टेबलावर एका बाजूवर उभा धरला. स्क्रूला केसाएवढा उलटा फेरा द्यायचा, दुसऱ्या हातानं पॅड दाबायचं, पुन्हा केसाएवढा फेरा. डोळे मिटलेले. चौथ्या की पाचव्या खेपेला डावीकडे स्पष्ट टक् वाजलं. उजवा कोपरा थोडा जड लागत होता.

"जमलं की," मी म्हणाले. "उजवीकडे ते तसंच आहे. दोन महिने मी तसंच वापरतेय. जुनं झालंय, चालायचंच."

"नाही मॅडम. हे चालायचं नाही."

त्यांनी खिशातून स्टीलची छोटी पट्टी काढली, बॅटरीवर आडवी ठेवली आणि टोकाला बोट लावलं. पट्टी डुलली.

"बॅटरी सपाट हवी. फुगायला लागलीय, खालून पॅडला रेटतेय. आता परत जोडू नका."

बारा वर्षं मी हे काम करते. फुगलेली बॅटरी वापरली म्हणून आठवड्यातून एका तरी गिऱ्हाइकाला झापते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ते असं. हा लॅपटॉप मी रोज मांडीवर घेऊन बसत होते. माझा चेहरा बहुधा पडला असावा.

"तुमचं लक्ष स्क्रूकडे होतं ना," काका हलकेच म्हणाले. "म्हणून राहिलं असेल."

मला लाज वाटली. माणूस परीक्षा द्यायला आला होता आणि परीक्षा घेणारीला सांभाळून घेत होता.

"सोमवारी या," मी म्हणाले.

"पुन्हा परीक्षा?"

"कामाला या, काका."

बारा वर्षांत मी बरीच माणसं निवडली, पण इतक्या अभिमानानं कुणाला 'या' म्हटलं नव्हतं. काकांनी सगळे स्क्रू एकेक करून वाटीत ठेवले, टेबल पुसलं आणि मग विचारलं, "एक फोन करू का?"

दाराशी जाऊन त्यांनी नंबर लावला.

"अगं, सोमवारपासून डबा भर." मग थोडं थांबून, "हो. रोजचा."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. काका बराच वेळ फोन कानाला लावून, पाठ ताठ करून उभे होते.