गिरणीच्या भिंतीतला दोरा

मी एक दोरा बोलतो आहे, आणि भिंतीच्या आतून बोलतो आहे. दगडाला कान लावाल तर ऐकू येईन.

भांगेच्या वाखातून म्हाताऱ्या स्टानाने मला वळले, मेण चोळले आणि अंगणातल्या चुलीजवळच्या खिळ्यावर टांगले. माझे काम एकच, मामालिगा कापणे. मक्याचे पीठ उकळत्या खारट पाण्यात सोडून दांड्याने घोटायचे, घट्ट झाले की पाटावर उपडे करायचे आणि मला त्याखाली सरकवून वर ओढायचे. मामालिगेला सुरी लावीत नाहीत. का, ते कोणी सांगत नाही. रूढी आपला अर्थ सांगत नसते. ती मोडल्यास काय होईल, एवढेच सांगते.

दांडा असे स्टानाची सून झाम्फिरा हिच्या हाती. तिला दिवस गेले होते आणि नवरा मेंढ्या घेऊन डोंगरावर होता. "तुझ्या मामालिगेत एवढ्या गुठळ्या, की कोंबडी उबवायला बसेल," असे स्टाना रोज म्हणे, आणि रोज पाटावरचा शेवटचा कण बोटाने पुसून खाई.

त्या उन्हाळ्यात नदीकाठच्या नव्या गिरणीची भिंत पुन्हा पुन्हा ढासळत होती. आमच्याकडे गवंड्यांची समजूत अशी, की माणसाची सावली दोऱ्याने मोजून तो दोरा भिंतीत चिणला म्हणजे भिंत उभी राहते. माणूस मात्र चाळीस दिवसांत जातो, आणि त्याची छाया ती वास्तू राखत राहते. म्हणून बायका नदीची वाट टाळू लागल्या. मग गवंडीच घरोघर येऊ लागला.

गाव्रिला नावाचा तो गवंडी विस्तव मागायला अंगणात आला, तेव्हा ऊन कलले होते. "आलाच आहात तर जेवून जा," म्हणून स्टाना तळघरात चीज आणायला उतरली. झाम्फिरा कढईवर वाकलेली होती. घोटताना मान वळवली की गुठळ्या होतात, म्हणून तिने पाहिले नाही. त्याने मला खिळ्यावरून काढले, तिच्या टाचेपासून सावलीच्या डोक्यापर्यंत ताणले आणि तेथे गाठ मारली. जमीन तापलेली होती. सावलीखालचा पट्टा तेवढा ओल्या कापडासारखा थंड होता. ती थंडी अजून माझ्या पिळात आहे. मला कोटाच्या खिशात टाकून, कोट कुंपणावर अडकवून, तो विहिरीवर हात धुवायला गेला.

मामालिगा पाटावर उपडी झाली. स्टानाचा हात खिळ्याकडे गेला आणि तेथेच राहिला. मग तिने कुंपणाकडे पाहिले.

"सुरी आणू का, आई?"

"सुरी नको. आत जा, ताटं घेऊन ये."

तिने मला खिशातून काढले आणि गाठ अंगठ्याने चाचपली. मला परत खिळ्यावर टांगणे तिला जमले असते. पण उद्या तो दुसरा दोरा घेऊन आला असता. भिंतीला कोणीतरी हवेच होते. पाटावरची वाफ अजून उठत होती. तिने गाठ सोडली, ताठ उभी राहिली, स्वतःच्या सावलीच्या डोक्यावर खडा टाकला, टाचेपासून खड्यापर्यंत मला धरले आणि नवी गाठ मारली. मग मला पुन्हा त्याच्या खिशात ठेवले.

पुढचे मी खिशातून ऐकले. एप्रनचा दोरा उसवून तिने मामालिगा कापली.

"मावशी, दोरा नवा दिसतो," गवंडी म्हणाला.

"जुना उंदरानं नेला. नेऊ दे. त्यालाही बीळ बांधायचं असेल."

मग ती सुनेला म्हणाली, "आज गुठळी नाही गं. अशीच घोटत जा."

मला चिणले आणि भिंत उभी राहिली. मका सोलायला येण्याआधीच स्टाना गेली. झाम्फिराला मुलगी झाली.

मुलीला कडेवर घेऊन झाम्फिरा दळायला येई. जाते थांबले तरी भिंतीत काहीतरी घोटल्याचा आवाज चाले. लोक पाण्याला दोष देत. एकदा तिने दगडावर तळवा टेकला. तो थंड होता, ओल्या कापडासारखा. आतून हळूच प्रश्न आला, "गुठळ्या?"

झाम्फिरा पळाली नाही. "नाहीत, आई," म्हणाली, आणि पिठाचे पोते विसरून घरी गेली.

आता तीही नाही. गिरणी बंद पडली आहे आणि लोक दगड काढून नेत आहेत. खुशाल न्या. मी हाती लागलो तर मात्र फेकू नका, गाठ सोडा. स्टाना फार वर्षे उभी आहे. मग मला ओढून एक मामालिगा कापा आणि पहिला तुकडा जमिनीवर, सावलीत ठेवा. तो वाफ विरण्याआधी नाहीसा झाला, तर भिऊ नका.

फक्त घोटताना मान वळवू नका. गुठळी राहिली, तर म्हातारी पुन्हा येईल.