राष्ट्राध्यक्षांच्या दाराबाहेरचा बाक

मी बाक बोलतोय. ओकच्या लाकडाचा, साडेसात फूट लांब, पाठ ताठ. वॉशिंग्टनात, राष्ट्राध्यक्षांच्या घरी, वरच्या मजल्यावर, त्यांच्या कचेरीच्या दाराबाहेर मी लढाईची चार वर्षं काढली. लढाईत मी कुणाला मारलं नाही, नुसतं पेललं.

माझा जन्म खरं तर चर्चसाठी. मेरीलँडच्या एका सुताराने मला मुद्दाम असं अवघड घडवलं, की प्रवचन चालू असता कुणाचा डोळा लागू नये. चर्चच्या मंडळींनी दोन रविवार मला सोसलं आणि परत केलं. मग सरकारी खरेदीत माझी वर्णी लागली. देवाच्या दारी जे चालत नाही ते सरकारदारी खपतं, हे मला तेव्हा कळलं.

आमचे साहेब ओरिन ताल्मेज. बुटके, रुंद, ओहायोतल्या एका पाणचक्कीवाल्याचे चिरंजीव. तरुणपणी पीठ दळलं, मग शाळेत मुलं हाकली, मग वकिली केली. तीन निवडणुका हरले, चौथी जिंकले, आणि शपथ घेऊन महिना होतो न होतो तोच नदीपलीकडे फुटीर दक्षिणी राज्यांच्या तोफा सुरू झाल्या. येताना दाढी काळी होती. पहिल्या हिवाळ्यातच ती मिठात बुडवून काढल्यासारखी दिसू लागली.

त्या घराची रीत अशी, की कुणीही उठावं आणि राष्ट्राध्यक्षांना भेटायला यावं. दारावरच्या डेनिस मॅकगर्व्हीच्या तबकात आपल्या नावाचं कार्ड टाकायचं. तबक आत जायचं आणि कार्ड असेल त्या क्रमाने माणूस आत जायचा. पलीकडे पोरं मरत होती, आणि माझ्यावर बसलेले निम्मे लोक पोस्टमास्तरची जागा मागायला आलेले असत. एकाच गावच्या पोस्टासाठी आलेले तिघे मी शेजारी शेजारी बसलेले पाहिलेत. तिघेही देशसेवेवर बोलत होते.

सेनापतीही येत. ते बसत नसत, तलवार अडायची. एका वर्षात साहेबांनी तीन सेनापती घरी पाठवले. जाताना मात्र तिघेही माझ्यावर टेकले.

तिसऱ्या उन्हाळ्यात पळपुट्या शिपायांचा सुळसुळाट झाला. चौथे सेनापती होग यांनी साहेबांकडून हुकूम लिहून घेतला: पळाला त्याला गोळी, माफीचा अर्ज चालणार नाही. साहेबांनी सही केली, आणि पुढचे दोन दिवस त्यांचं जेवणाचं ताट जसंच्या तसं परत जात होतं.

त्याच आठवड्यात, सोमवारी, थर्झा व्हीलॉक आली. व्हर्माँटची शेतकरीण, पन्नाशी उलटलेली. तिच्याकडे कार्ड नव्हतं.

"कार्डाशिवाय तबक आत जात नाही, बाई," डेनिस म्हणाला.

"मग मलाच ठेव तबकात."

"मावायच्या नाहीत तुम्ही."

"मग बसते."

सोमवार गेला, मंगळवार गेला. कार्डवाले येत होते, जात होते. डेनिस वाईट नव्हता. बिनकार्डाचा माणूस आत कसा न्यायचा, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. बुधवारी त्याने आपल्यातला अर्धा पाव तिला दिला, तेव्हा ती बोलली. नवरा अर्धांगाने पडलेला. गवत कापलं नाही तर हिवाळ्यात गाई मरणार. मुलगा एनॉस पलटण सोडून घरी आला, बारा दिवस गवत कापलं आणि आपल्या पायांनी परत गेला. जाताच त्याला बेड्या पडल्या. शुक्रवारी सकाळी गोळी घालायची होती.

"परत कशाला गेला मग?"

"दोस्तांना सांगून आला होता, बारा दिवसांत येतो म्हणून."

गुरुवारी दुपारी डेनिसने एका पोस्टमास्तर-इच्छुकाचं कार्ड उलटं केलं, मागे लिहिलं, 'थर्झा व्हीलॉक. मुलगा उद्या मरतोय', आणि ते सगळ्यांत वर ठेवलं. नोकरी गेली असती त्याची.

दार उघडलं. हातात कार्ड, पायात नुसते मोजे, साहेब स्वतः बाहेर आले.

"थर्झा व्हीलॉक कोण?"

"मी. तुम्हीच का ताल्मेज साहेब? चित्रात उंच दिसता."

"चित्रकार माझ्या पक्षाचा होता," साहेब म्हणाले आणि तिच्या शेजारी बसले. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "गवत पुरतं भरलं का?"

"ओढ्याकाठचं राहिलं. मी म्हटलं, दोन दिवस थांब. म्हणाला, बारा म्हणजे बारा."

होग मागून दारात आले होते. "साहेब, हुकूम तुमचाच आहे. आज एकाला सोडलंत, तर उद्या अख्खी पलटण गवत कापायला जाईल."

"जाऊ दे. बाराव्या दिवशी परत आली म्हणजे झालं. माझा हुकूम पळालेल्यांसाठी आहे, होग. पळालेला परत येत नाही."

"मग माझा राजीनामा घ्या!"

"तबकात टाका," साहेब म्हणाले, आणि गुडघ्यावर कार्ड ठेवून त्यांनी माफी लिहिली. तार लगेच गेली.

ऑक्टोबरात थर्झा पुन्हा आली, काळ्या कपड्यांत. डेनिसने काही न विचारता साहेबांना बाहेर आणलं.

"एनॉस गेला, साहेब. नदी ओलांडताना, पहिल्या रांगेत. मेलेल्यांच्या यादीत नाव वाचलं असतंत, तर म्हणाला असतात, वाचवून काय मिळवलं. म्हणून आले. भिंतीला टेकवून नाही मारला त्याला. दोस्तांच्या मधोमध पडला. त्याच्या बापाला मला तेवढं सांगता आलं."

साहेब तिच्या शेजारी बसले. "नदी ओलांडायचा हुकूमही माझाच होता, बाई."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली; पण उठली नाही. साहेबही उठले नाहीत. पोस्टमास्तर-इच्छुक भिंतीशी उभे राहिले. माझ्यावर जाडजूड सिनेटर बसून गेलेत, कधी हूं की चूं केलं नव्हतं. त्या दुपारी माझे सांधे करकरले.

आता मी संग्रहालयात आहे. भोवती मखमली दोर आणि 'बसू नये' अशी पाटी. इथे बसून राष्ट्राध्यक्ष विजयाचा विचार करत, असं मार्गदर्शक रोज सांगतो. विजयाचं मला ठाऊक नाही. मला ते दोन वेळा बसलेले आठवतात, आणि दोन्ही वेळा त्यांनी अंग माझ्यावर सोडून दिलं होतं.

मीही दमलोय, पण रिकामं राहून. तेवढा दोर सोडा. पाहायला आलेल्यांत एखादी म्हातारी भिंतीला हात लावून उभी असते, तिला बसू द्या. तिचं ऐकायला आतून कुणी येवो न येवो, तिचे पाय दुखताहेत.