पारड्यात बसलेली उन्नती

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. उल्हासनगरच्या एका रेशन दुकानात, कोपऱ्यातल्या आकड्याला लटकतो.

माझा जन्म इथल्याच कॅम्प दोन वस्तीतल्या एका वर्कशॉपातला. दांडीवर सरकारी शिक्का बसला, तेव्हा मी भलताच फुशारलो होतो. गरिबाचं धान्य पुरं मोजून मिळेल, असं सरकारने माझ्या अंगावरच लिहून दिलंय, असं मला वाटायचं.

दुकानदार भगवान हाताचा सरळ. हमाल असो की धुणीभांडी करणारी, माझ्यापुढे सगळे सारखे. धान्य पिशवीत पडलं की बायका पोरांना माझ्या पारड्यात बसवायच्या. मागच्या खेपेचं वजन त्यांच्या तोंडपाठ असायचं. पोर त्याहून जड भरलं की भगवान गुळाचा खडा द्यायचा. काय कौतुक व्हायचं तेव्हा माझं!

मग विजेवरचा काटा आला आणि मी अडगळीत गेलो. पाठोपाठ अंगठा ओळखणारं मशीन आलं. पोरांना जोखायला मात्र अजून मलाच खाली काढतात.

अंजनाबाई जीन्सच्या कारखान्यात कपडे धुते. औषधाच्या पाण्याने तिच्या बोटांवरच्या रेषाच पुसल्या गेल्यात. आई नसलेली नात, उन्नती, तिच्याच पदरात. धान्य घ्यायला आली तेव्हा अंजनाबाईने अंगठा केसांत घासला, पदराला पुसला, लिंबू चोळलं. मशीन ढिम्म.

"मावशी, मशीन घेत नाय तर मी काय करू? रेशनच्या ऑफिसात जाऊन ये," भगवान म्हणाला.

ती मजुरी बुडवून ऑफिसात गेली. तिथेही अंगठाच मागितला. असे महिने गेले आणि एक दिवस भगवान खाली मान घालून म्हणाला, "मावशी, तुझं नाव कटलं. धान्य उचललं नाय म्हणून."

"दिलंस कधी, उचलायला?"

मला तर संताप आला. पण लोखंडाच्या संतापाला कोण विचारतो!

"बरं, पोरीला तरी जोख," अंजनाबाई म्हणाली.

उन्नती माझ्या पारड्यात बसली. भगवानने मागच्या खेपेची वजनं समोरच्या पारड्यात ठेवली. तिचं पारडं खाली आलंच नाही, वरच राहिलं. त्याने एक वजन हळूच काढलं, तरी वरच. उन्नतीने सवयीने हात पुढे केला. भगवानने गुळाचा खडा तिच्या हातावर ठेवला.

"वाढलीय हां पोरगी," तो म्हणाला.

"खोटं नको बोलू रे. मला दिसतंय ना," अंजनाबाई म्हणाली आणि रिकामी पिशवी घडी करून निघून गेली.

मित्रांनो, मला तेल लावू नका, माझा गंजही काढू नका. माझ्या दांडीवरचा शिक्का अजून पुसलेला नाही. तुमच्यातलं कुणी मोठं होऊन त्या ऑफिसातल्या खुर्चीत बसलं, तर अंजनाबाईच्या अंगठ्याबरोबर तिच्या तोंडाकडेही बघा. आणि उन्नतीला परत जोखायला आणाल, तेव्हा आधी तिचं धान्य माझ्या पारड्यात घाला. मगच तिला बसवा.