उरलेल्या तिघांतले एक काडतूस

मी एक जुने, आता रिकामे झालेले काडतूस आहे. मित्रांनो, माझी जात शिकारी रायफलच्या आखूड मॅग्नम, म्हणजे जादा जोराच्या, काडतुसांची. लांबीला कमी, अंगाने जाड. आमच्या रुंद पोटात बंदुकीची दारू एकसारखी जळे, म्हणून कमी दारूतही आम्ही लांब मॅग्नमच्या तोडीने गोळी फेकत असू. आमच्यामुळे रायफलही आखूड आणि हलकी झाली. अमेरिकेतल्या मॉन्टानाच्या डोंगरांत दिवसभर चढणाऱ्यांना आणखी काय हवे होते?

ऑरिन हॅल्व्हर्सनने आमची पेटी घेतली, तेव्हा दुकानात आमचीच चलती होती. "ह्या ठेंगूपुढे तुझं लांबडं काडतूस म्हणजे नुसता डौल!" असे तो धाकट्या भावाला, लाइलला, चिडवायचा. जाडीमुळे आम्ही रायफलमध्ये सरकताना कधी कधी अडायचो. ते मात्र तो कुणाला सांगत नसे.

मग लांब, निमुळत्या गोळ्यांची नवी काडतुसे आली. लोक तिकडे वळले. कारखान्याने आमच्या मापाचे काम थांबवले. ऑरिन वारला, तेव्हा पेटीत आम्ही तिघे उरलो होतो.

यंदा त्याच्या बायकोला, आर्डिसला, कित्येक वर्षे सोडतीत नाव घातल्यावर नर एल्कचा, म्हणजे सांबरासारख्या थोराड हरणाचा, परवाना लागला. ऑरिनच्याच रायफलने शिकार करायची, असा तिचा हट्ट. लाइलला सोबत घेऊन ती निघाली, पण चढणीवर तिचा घोडा घसरला आणि रायफल खडकावर आपटली.

"वहिनी, रायफलीवरच्या दुर्बिणीला दणका बसलाय," लाइल म्हणाला. "नेम सरकलाय का, एक गोळी कागदावर झाडून बघा."

"आणि मग उरतील दोन! मिळतात का आता कुठे?"

"मग माझी रायफल घ्या."

"तुमची? वर बसून हसतील ते, भावजी!"

सकाळी समोरच्या उतारावर नर उभा राहिला. तिने चाप ओढला. मी गोळीला आमच्या जातीला साजेसा वेग दिला. पण नेम धरणे काडतुसाच्या हाती नसते. सरकलेल्या दुर्बिणीने दगा दिला. गोळी छातीऐवजी पोटात शिरली आणि तो झाडीत पळाला. दोघे दिवसभर रक्ताच्या थेंबांमागे फिरले. दुपारी हिमवर्षाव सुरू झाला आणि माग पुसला गेला.

"परवाना तसाच ठेवा, वहिनी," लाइल खाली बघत म्हणाला. "दुसरा शोधू. कोण विचारतंय?"

"तो कुठंतरी तडफडतोय, भावजी. तो माझाच."

तिने चाकू काढला आणि परवान्यावरच्या तारखेला खाच मारून तो वापरून टाकला. जखमी करून गमावलेले जनावर आपल्याच नावावर धरायचे, असे तिला ऑरिनने शिकवले होते. तिची शिकार तिथेच संपली. पुन्हा सोडत लागेपर्यंत तिचे गुडघे साथ देणार नाहीत.

मित्रांनो, आमची जात पुन्हा घडेल, अशी आशा मला नाही. पण संपत आलेली वस्तू जपायची म्हणून हत्यार पारखून घ्यायचे टाळू नका. आम्हा तिघांतला एक वाचावा, म्हणून एक जीव हाल होऊन मेला. वसंतात बर्फ वितळले, की डोमकावळे त्याला शोधून काढतील. आर्डिसला तो सापडला नाही.